गुर्टू, त्रिलोक

गुर्टू, त्रिलोक : (३० ऑक्टोबर १९५१ – ). भारतीय तालवादक, संगीतरचनाकार आणि जॅझच्या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळविलेले कलावंत. जन्म मुंबई येथे. विख्यात ठुमरीगायिका शोभा गुर्टू या त्यांच्या मातोश्री. तबला आणि पाश्चात्त्य ड्रमसंच ही दोन निरनिराळ्या परंपरांतील वाद्ये एकाच वादकाने, एकाच बैठकीत व एकाच लयविचाराने वाजविण्याची स्वतंत्र पद्धती त्यांनी सिद्ध केली. भारतीय व पाश्चात्त्य संगीताचे मीलन घडवून आणण्याचे बहुतेक प्रयत्न रागाच्या, म्हणजे स्वरांच्या, अंगाने झालेले आहेत; गुर्टू यांनी तो प्रयत्न लयीच्या अंगाने केला. त्यामुळे जॅझच्या वाद्यमेळात लयीचा पाया सांभाळणारा जो बासवादक, त्याच्याशी त्यांचा संबंध विशेष निकटचा राहिला. किंबहुना त्यांच्या कारकीर्दीचे टप्पे त्यांच्या बासवादक साथीदारांच्या क्रमानेही सांगता येतात.

गुर्टू यांच्या घराण्यात संगीत दोन्ही बाजूंनी होते. मातामही मेनकाबाई शिरोडकर या व्यावसायिक नर्तकी होत्या आणि त्यांनी अल्लादियाखाँ यांच्याकडे गायनाचे शिक्षण घेतले होते. शोभा गुर्टू (८ फेब्रुवारी १९२५ – २७ सप्टेंबर २००४) यांचा जन्म बेळगावचा. विवाहापूर्वीचे नाव भानुमती शिरोडकर. कोल्हापुरात अल्लादियाखाँचे पुत्र भुर्जीखाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली व पुढे नत्थनखाँ यांचे मार्गदर्शन मिळविले. ठुमरी-दादऱ्याचा संस्कार मात्र त्यांच्यावर प्रामुख्याने घम्मनखाँ यांनी केला. सासरे नारायणनाथ गुर्टू हे बेळगावातील वरिष्ठ पोलीस अधिकारी. ते विद्वान व सतारवादक होते. शोभा गुर्टूंनी सामना (१९७५) व लाल माती यांसारख्या मराठी चित्रपटांसाठीही पार्श्वगायन केले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९८७) आणि पद्मभूषण (२००२) हे त्यांना मिळालेले सन्मान होत. ठुमरीच्या साथीचा ठेका घरात अहोरात्र कानी पडत असल्याने त्रिलोक यांना लयीचे पहिले पाठ स्वतंत्रपणे गिरवावे लागले नाहीत. शाह अब्दुल करीम यांच्याकडे त्यांनी तबल्याचे रीतसर शिक्षण घेतले. बंधू रवी गुर्टू हेही तालवादकच. तरुणपणी दोघांनी मिळून तालवाद्यांचा एक वृंद उभा केला होता.

त्रिलोक यांच्या बालपणीच्या मुंबईला जॅझ परका नव्हता. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वृंद ताजमहाल हॉटेलात आला, तेव्हापासून या शहरात जॅझची एक परंपरा रुजली व गोव्याहून आलेल्या वादकांनी ती पुढे चालविली. हॉटेलात रात्री जॅझ वाजविणारे हेच वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला बसत. सी. रामचंद्र यांच्या अलबेला (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रंपेटवादक अँटोनियो झेवियर वाझ यांचा मोठा वाटा होता. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक यांचे चतुष्टय मुंबईत आले. त्यात यूजीन राइट हे बासवादक व जो मोरेलो हे ड्रमवादक होते. तथापि या सर्व देवघेवीत तबला आणि ड्रमसंच एकमेकांच्या शेजारी राहिले. चित्रपटगीतात एका कडव्याला तबला व दुसऱ्याला ड्रम वाजत असे, परंतु दोहोंच्या वादनामागील व्याकरण एक झाले नव्हते.

साठोत्तरी दशकात पाश्चात्त्य ध्वनिमुद्रिकांच्या द्वारे त्रिलोक यांना जिमी हेंड्रिक्सचे रॉक व जॉन कोल्ट्रेनचे जॅझ यांची ओळख झाली. त्या ध्वनिमुद्रिका ऐकून ते वादन आत्मसात करीत. परंतु एकाच गीतातील निरनिराळे भाग वेगवेगळ्या वेळी वाजवून नंतर एकावर एक चढविले जातात, हे ओव्हरडबिंगचे तंत्र त्यांना ठाऊक नव्हते. ऐकू येते ते सारे एकच वादक वाजवीत आहे, अशा समजुतीने ते सर्व भाग दोन हातांनी एकाच वेळी वाजविण्याचा सराव करीत राहिले. सामान्य वादकाने ज्याचा प्रयत्नही केला नसता, असे वादन या गैरसमजापायी आपल्याला साधले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. १९७० नंतरच्या वर्षांत त्यांनी ड्रमसंच हाती घेतला व लवकरच ते यूरोपात गेले. पुढे जर्मनीतील हँबर्ग हे त्यांच्या कार्याचे मुख्य ठिकाण झाले.

त्यांच्या पुढील कामाचे मर्म कळण्यासाठी जॅझमधील लयव्यवस्थेची थोडी ओळख आवश्यक आहे. जॅझच्या वाद्यमेळात डबल बास अथवा बास गिटार हे सर्वांत खर्जाचे तंतुवाद्य असते. डबल बासवर वादक बहुधा गजाऐवजी बोटांनी तार छेडतो आणि चार मात्रांच्या प्रत्येक खंडात मात्रेगणिक एक स्वर देत पुढे सरकतो. या चालीला ‘वॉकिंग बास’ असे म्हणतात. बासवादक एकाच वेळी दोन कामे करतो. त्याच्या आघातामुळे मात्रा मोजल्या जातात आणि त्याच्या स्वरामुळे वरच्या स्वरमेळाचा पाया ठरतो. ड्रमवादक मोठ्या सिंबलवर ठेका धरून त्याला लवचिकपणा देतो. रचना बारा वा बत्तीस खंडांची असते; ती आवर्तनाप्रमाणे पुन:पुन्हा फिरते आणि तिच्यावर प्रत्येक वादक आपापला उत्स्फूर्त विस्तार करतो. तालाचे आवर्तन आणि जॅझची ही फिरणारी रचना यांत साम्य आहे हे उघड आहे. भेद असा, की तालात समेवर सर्व वादनाचा निवाडा होतो. सम चुकली तर मागचे सर्व वाया जाते. जॅझमध्ये पहिल्या मात्रेला असे न्यायासन दिलेले नसते आणि ड्रमवादक पुष्कळदा ती मुद्दाम झाकूनही ठेवतो.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. जॅझमध्ये ड्रम व बास हे दोघेही साथीचे असून सुरांची वाद्ये पुढे असतात. एकल तबलावादनात हे नाते उलटे होते. तेथे सारंगी अथवा हार्मोनियम एका आवर्तनाची सुरावट, म्हणजे नगमा किंवा लेहरा, सातत्याने धरून ठेवते आणि तबलावादक तिच्यावर विस्तार करतो. सूर हा तेथे तालाचा साथीदार असतो. बासवादक एखादा लहान स्वरसमूह न बदलता घोळवीत राहिला, तर तो नेमके नगम्याचेच काम करतो. गुर्टू यांच्या वादनात तालवाद्य प्रमुख होते तेव्हा बासवादकाला हीच भूमिका घ्यावी लागते. जॅझमध्ये वाढलेल्या वादकाला ती कंटाळवाणी वाटण्याचा संभव असतो आणि म्हणूनच नगम्याचे मोल ओळखणारा बासवादक मिळणे, हा गुर्टू यांच्या कलाजीवनातील कळीचा प्रश्न ठरला.

वाद्यांच्या मांडणीतही त्यांनी पारंपरिक पद्धत सोडली. ड्रमवादक एरवी उंच आसनावर बसतो आणि पायाने बास ड्रम वाजवितो. गुर्टू अर्धवट गुडघ्यावर, जमिनीलगत बसून वाजवितात. त्यामुळे तबला-डग्गा, ड्रम, झांजा, घंटा हे सर्व त्यांच्या हाताच्या टप्प्यात एकाच पातळीवर येते. नेहमीच्या बास ड्रमचा त्यांनी त्याग केला व त्याच्या जागी उथळ, दोन्ही बाजूंनी मढविलेला एक खास ड्रम आणला. या बदलाचा परिणाम केवळ दृश्य नाही. पायाच्या ठोक्याने खर्जाचा जो प्रदेश व्यापला जातो तो मोकळा होतो. त्यातील काही भाग डग्ग्याच्या घुमाऱ्याला मिळतो व उरलेला बासवादकाला. डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन घुमारा वर-खाली सरकविता येतो. म्हणजे डग्गा हाही एका अर्थी खर्जाचे सुरेल वाद्यच आहे. बास गिटारचा स्वर व डग्ग्याची ही मींड एकाच वेळी आली, तर दोन्ही गढूळ होतात. अशा वेळी कोणी केव्हा थांबावे, हे ठरविण्यातच या वादनप्रकाराची निम्मी कला आहे.

त्यांच्या संचातील पाण्याची बादली प्रेक्षकांच्या विशेष कुतूहलाचा विषय ठरली आहे. वाजत असलेली झांज, घंटांची वा शिंपल्यांची माळ ते पाण्यात बुडवितात व बाहेर काढतात. कंप पावणाऱ्या धातूला पाण्याचे वस्तुमान जोडले गेल्यामुळे कंपनांची गती कमी होते आणि स्वर उतरतो. बाहेर काढताच तो पुन्हा चढतो. जलतरंगाच्या वाडग्यात पाणी वाढविले की स्वर उतरतो, त्याचेही कारण हेच. नवलाईचा भाग सोडला तरी झांजेसारख्या ताठ नादाच्या वाद्यातून या युक्तीने मींड निघते, हे लक्षात घेतले पाहिजे.

यूरोपातील आरंभीच्या वर्षांत गुर्टू यांचा ज्या कलावंतांशी संबंध आला, त्यांत अमेरिकन ट्रंपेटवादक डॉन चेरी (१९३६–९५) यांचे स्थान पहिले. १९७६ ते १९७८ या काळात गुर्टू त्यांच्याबरोबर वाजवीत होते. आफ्रिका व आशिया यांतील संगीताचे अभ्यासक असलेले चेरी जॅझच्या ठरीव स्वरमेळातून बाहेर पडले होते. स्वरमेळाची साखळी सुटली की तालवादकाला साथीपलीकडे वाव मिळतो, हे गुर्टू यांना येथे अनुभवास आले. १९७७ मध्ये एंब्रियो या जर्मन वाद्यवृंदाच्या आपो-कॅलिप्सो या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी भाग घेतला. तीत शोभा गुर्टूंचा आवाजही आहे. भारतातील मैफलींत ठुमरीची सम्राज्ञी मानल्या जाणाऱ्या गायिकेने पन्नाशी उलटल्यावर जर्मन रॉक-जॅझ वृंदात गावे, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने धाडसाचीच म्हणावी लागेल.

पुढच्याच वर्षी बार फिलिप्स (१९३४–२०२४) या अमेरिकन बासवादकाच्या थ्री डे मून या ध्वनिमुद्रिकेत गुर्टू यांनी तबला व इतर तालवाद्ये वाजविली. यूरोपात स्थायिक झालेल्या फिलिप्स यांनी केवळ डबल बासच्या एकल वादनाची ध्वनिमुद्रिका १९६८ मध्येच करून या वाद्याला साथीच्या भूमिकेतून मुक्त केले होते. गज फिरविणे, तार छेडणे, लाकडी अंगावर बोटांनी आघात करणे या सर्व क्रियांना त्यांच्या वादनात सारखेच स्थान असे. थ्री डे मूनमध्ये नॉर्वेचे टेऱ्ये रिप्डाल यांची विद्युत् गिटार आणि डीटर फाइख्टनर यांचा सिंथेसायझर ही वाद्येही होती. या मेळात मात्रा मोजून देण्याची जबाबदारी बासवर राहिलीच नाही. तबला व बास दोघेही नादाचा पोत विणीत राहिले. ठेका न धरता तबला वाजविणे ही भारतीय वादकाला जवळजवळ निषिद्ध वाटणारी गोष्ट होय. ती येथे गुर्टू यांना करावी लागली.

१९८४ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी व्हायोलिनवादक एल्. शंकर यांच्या साँग फॉर एव्हरीवन या ध्वनिमुद्रिकेसाठी सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक, झाकिर हुसेन व त्रिलोक गुर्टू एकत्र आले. दुसरी घटना दु:खद होती. ऑरेगन या अमेरिकन वृंदातील तालवादक व सतारवादक कॉलिन वॉलकॉट हे ८ नोव्हेंबर १९८४ रोजी पूर्व जर्मनीतील दौऱ्यात मोटार-अपघातात मृत्यू पावले. वॉलकॉट यांनी रविशंकर यांच्याकडे सतारीचे व अल्लारखाँ यांच्याकडे तबल्याचे शिक्षण घेतले होते. अमेरिकन माणसाने तबला शिकून जॅझमध्ये आणला होता आणि त्याची रिकामी जागा भरण्यासाठी जॅझ शिकलेला मुंबईचा तबलजी बोलावला गेला. ऑरेगनबरोबर गुर्टू यांनी इकोटोपिया (१९८७), फॉर्टीफिफ्थ पॅरलल (१९८९) व ऑल्वेज, नेव्हर अँड फॉरेव्हर (१९९१) या तीन ध्वनिमुद्रिका केल्या. राल्फ टाउनर यांची गिटार, पॉल मकँडलेस यांचा ओबो व ग्लेन मूर यांचा डबल बास अशा या वृंदात आवाज कमी व विराम अधिक असत. मूर बासच्या तारा नेहमीपेक्षा निराळ्या पद्धतीने जुळवीत. त्यामुळे त्यांच्या वादनाची कक्षा फार खाली व फार वरही जाई. अशा सौम्य मेळात ड्रमसंच सहज जड होतो. गुर्टू यांनी तेथे डग्ग्याचा घुमारा व पाण्यातील झांजा यांवर अधिक भर दिलेला आढळतो.

गुर्टू यांची कीर्ती सर्वदूर पोहोचली ती जॉन मॅक्लॉक्लिन यांच्या त्रयीमुळे. या इंग्रज गिटारवादकाने १९७० नंतरच्या दशकात एल्. शंकर, झाकिर हुसेन व घटम्‌वादक विक्कू विनायकराम यांच्यासह शक्ती हा वृंद चालविला होता. शक्तीमध्ये बास नव्हता व ड्रमसंचही नव्हता. खर्जाची बाजू डग्गा व घटम् सांभाळीत आणि जॅझचा वादक भारतीय संगीताच्या घरी पाहुणा म्हणून येई. १९८८ पासून सुरू झालेल्या त्रयीत मॅक्लॉक्लिन यांनी बास गिटार परत आणली आणि प्रश्न बदलला. आता मूळ चौकट जॅझची होती व तिच्यात भारतीय लयीला जागा करावयाची होती. या त्रयीत काय एक्हार्ट व पुढे दॉमिनिक दि पियात्सा हे बासवादक होते. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये २७ नोव्हेंबर १९८९ रोजी झालेल्या मैफलीची ध्वनिमुद्रिका (१९९०) आणि के आलेग्रिया (१९९२) ही या त्रयीची प्रमुख निर्मिती होय.

या मैफलींत काय घडे, ते एका साध्या तिहाईच्या हिशेबावरून समजते. पाच मात्रांचा एक बोल तीनदा म्हणावयाचा व मध्ये एकेक मात्रा सोडावयाची, असे धरले तर पाच, एक, पाच, एक, पाच मिळून सतरा मात्रा होतात. त्रितालात समेपासून सुरुवात केली, तर शेवटचा आघात सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढील आवर्तनाच्या समेवर, पडतो. जॅझच्या चार-चार मात्रांच्या खंडांत हाच बोल प्रथम पहिल्या खंडाच्या पहिल्या मात्रेवर, दुसऱ्यांदा दुसऱ्या खंडाच्या तिसऱ्या मात्रेवर व तिसऱ्यांदा चौथ्या खंडाच्या पहिल्या मात्रेवर सुरू होतो. बोलाचे तोंड असे हलत असताना बासवादकाने काय करावे? तो बोलामागे गेला, तर श्रोत्याच्या कानातील चार मात्रांचे माप मोडते आणि तिहाईतला ताण नाहीसा होतो. कारण दोन मापे एकमेकांवर घासल्याशिवाय तो ताण निर्माणच होत नाही. तो आपल्या मापाला चिकटून राहिला, परंतु तिहाई कोठे संपणार हे त्याला कळले नाही, तर समेवर तो एकटा पडतो. दोन्ही मापे डोक्यात ठेवून एकच वाजविणे, हे त्याचे काम असते. नगमा धरणारा सारंगिया हे पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. एक्हार्ट यांनी ते बास गिटारवर करून दाखविले आणि त्यांच्या साथीत जॅझची लवचिकताही कायम राहिली. रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या मुद्रणातील ‘मदर टंग्ज’ ही रचना या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे. दि पियात्सा यांचा कल अधिक सुरेल वादनाकडे होता. के आलेग्रियातील ‘मारी’ ही रचना तर केवळ त्यांच्या बास गिटारची आहे.

या त्रयीच्या कार्यक्रमांतील बोलांची पढंत परदेशी श्रोत्यांना विशेष भावली. गुर्टू व मॅक्लॉक्लिन वाद्ये खाली ठेवून तोंडाने बोल म्हणत व एकमेकांना उत्तरे देत. कथकनृत्यातील व तबल्यातील पढंत आणि कर्नाटक संगीतातील कोन्नक्कोल या दोन्हींचा त्यात मेळ असे. जॅझमध्ये ‘स्कॅट’ या नावाने निरर्थक अक्षरे गाण्याची प्रथा पूर्वीपासून आहे. परंतु त्यातील अक्षरे गायकाच्या मर्जीची असतात. तबल्याच्या बोलातील प्रत्येक अक्षर हे विशिष्ट आघाताचे नाव असल्यामुळे पढंत ही एक प्रकारची उच्चारित स्वरलिपीच असते. भिन्न भाषा बोलणाऱ्या वादकांना तालमीत एकमेकांना लयबंध सांगण्यासाठी हे साधन लिखित स्वरलिपीपेक्षा सोयीचे पडते. गुर्टू यांच्या आफ्रिकी व यूरोपीय साथीदारांबरोबरच्या कामाचे गमक बऱ्याच अंशी यात आहे.

स्वत:च्या नावाने गुर्टू यांनी प्रसिद्ध केलेली पहिली ध्वनिमुद्रिका म्हणजे उस्फ्रेत (१९८८). तीत शोभा गुर्टू, डॉन चेरी, राल्फ टाउनर, एल्. शंकर, फ्रेंच पियानोवादक दानिएल गोयोन आणि स्वीडिश बासवादक योनास हेल्बोर्ग हे सहभागी झाले. ठुमरीच्या अंगाचे गायन आणि बास गिटार यांना एकत्र आणताना एक अडचण उद्‌भवते. तिचा येथे उल्लेख केला पाहिजे. रागगायनात तंबोऱ्याचा षड्‌ज अढळ असतो व प्रत्येक स्वराचा अर्थ त्याच्या संदर्भात ठरतो. बासवादक मात्र पायाचा स्वर बदलू शकतो. गायिकेने षड्‌ज लावला असताना बासने खाली मध्यम वाजविला, तर तोच षड्‌ज मध्यमाचा पंचम भासू लागतो. कोमल धैवत वाजविला, तर तो धैवताचा शुद्ध गांधार होतो. गायिकेने काहीच बदललेले नसते, तरी तिच्या स्वराचा भाव पालटतो. ख्यालात हे बहुधा सहन होत नाही. ठुमरीत मात्र एका रागातून दुसऱ्याची छाया दाखवून परत येणे आणि क्षणभर षड्‌ज बदलल्याचा भास निर्माण करणे, हे शैलीचेच अंग आहे. त्यामुळे बासच्या या हालचालीला ठुमरीने जितकी जागा दिली, तितकी अन्य कोणत्याही हिंदुस्थानी गानप्रकाराला देता आली नसती. उस्फ्रेतमध्ये ज्या ठिकाणी बास एका स्वराभोवती घुटमळत राहतो व शोभा गुर्टूंच्या आवाजाला मोकळीक देतो, ते भाग सर्वोत्कृष्ट आहेत. इंग्लंडमधील आशियाई वंशाच्या पुढील पिढीतील वादकांवर या ध्वनिमुद्रिकेचा प्रभाव पडला.

यानंतरच्या ध्वनिमुद्रिकांत साथीदारांचे वर्तुळ विस्तारत गेले. लिव्हिंग मॅजिकमध्ये (१९९१) यान गार्बारेक यांच्याबरोबर ब्राझीलचे तालवादक नाना वास्कोन्सेलोस होते. वॉलकॉट व डॉन चेरी यांच्यासमवेत वास्कोन्सेलोस यांनी पूर्वी कोडोना ही त्रयी चालविली होती. क्रेझी सेंट्समध्ये (१९९३) जो झाविनुल व पॅट मेथेनी आले आणि शोभा गुर्टू पुन्हा गायल्या. कथक (१९९८) या ध्वनिमुद्रिकेत डॉन चेरी यांची सावत्र कन्या नेने चेरी यांचे गायन आहे. आफ्रिकन फँटसी (२०००) व द बीट ऑफ लव्ह (२००१) यांत आँजेलिक किजो, सालिफ केइता इ. आफ्रिकी गायक सहभागी झाले. फाराकाला (२००६) ही माली देशातील वादकांबरोबरची, तर आर्किऑलॉजी (२००६) ही इटलीच्या आर्के तंतुवाद्य-चतुष्टयाबरोबरची निर्मिती होय. गायकांची व तारांकित पाहुण्यांची गर्दी असलेल्या ध्वनिमुद्रिकांमध्ये ताल पुष्कळदा नृत्याच्या ठेक्यापुरता उरतो आणि गुर्टू यांचे खरे सामर्थ्य झाकले जाते. त्या मानाने चार तंतुवाद्यांच्या संगतीतील आर्किऑलॉजी सरस आहे. तेथे डबल बासला खर्ज सांभाळावा लागतो आणि गजाच्या लांब स्वरांमुळे तबल्याच्या बोलांना स्पष्ट पार्श्वभूमी मिळते.

बासवादक व ध्वनिमुद्रण-निर्माते बिल लॅझवेल यांनी झाकिर हुसेन यांच्या सहकार्याने उभारलेल्या तबला बीट सायन्स या प्रकल्पात गुर्टू सहभागी होते. ताल मॅट्रिक्स (२०००) या ध्वनिमुद्रिकेत कर्श काळे व तल्वीन सिंग या तरुण वादकांबरोबर त्यांचेही वादन आहे. येथे यंत्रनिर्मित ठेके व लॅझवेल यांचा अतिमंद्र बास यांच्यामध्ये तबला बसविलेला आहे. यंत्राची मात्रा रेसभरही सरकत नाही. भारतीय वादकाची लय मात्र आवर्तनात किंचित झुकते व समेजवळ सावरते. हा झोक हरवल्याची उणीव या ध्वनिमुद्रिकेत अनेक ठिकाणी भासते.

झाकिर हुसेन (१९५१–२०२४) यांच्याशी गुर्टू यांची तुलना अपरिहार्य ठरते. दोघांचाही जन्म मुंबईचा आणि एकाच वर्षातला. दोघांचेही कार्य जगभर पसरले. झाकिर हुसेन यांनी डेव्ह हॉलंड, एडगर मेयर अशा श्रेष्ठ बासवादकांना साथीला घेतले, परंतु तबला केंद्रस्थानी ठेवला व घराणेदार एकल वादन अखेरपर्यंत चालू ठेवले. गुर्टू यांनी तबल्याला अनेक वाद्यांतील एक वाद्य केले. पेशकार, कायदा, रेला या क्रमाने तासभर एकल तबला वाजविण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. त्यामुळे तबल्याच्या परंपरागत क्षेत्रात त्यांच्याविषयी काहीशी उदासीनता आहे आणि महाराष्ट्रातील सामान्य रसिकाला ते शोभा गुर्टूंचे पुत्र म्हणूनच अधिक परिचित आहेत. परदेशात याच्या उलट स्थिती आढळते. डाउन बीट या अमेरिकन नियतकालिकाच्या समीक्षक-कौलात त्यांना अनेकदा अग्रगण्य तालवादक म्हणून निवडण्यात आले आहे.

तबल्याचा कायदा ड्रमवर वाजविला म्हणजे तो कायदा राहत नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. तो तंत्रदृष्ट्या बरोबर आहे. चाट, शाई व मैदान यांवरील निरनिराळ्या आघातांतून तबल्याचा बोल स्पष्ट होतो. काठीने वाजविलेल्या ड्रमवर हा अक्षरभेद उरत नाही. तेथे शिल्लक राहते ती केवळ मात्रांची विभागणी. गुर्टू यांनी हा तोटा अंशत: वाद्यांच्या संख्येने भरून काढला. एकाच पुडीवरील जे भिन्न नाद, ते त्यांनी ड्रम, झांज, घंटा व डग्गा यांत वाटून दिले. त्यामुळे बोलातील अक्षरे पुन्हा वेगळी ऐकू येतात, पण त्यांची नावे बदललेली असतात. या भाषांतरात मूळचे सारे वैभव टिकते असे नाही. मात्र ज्या बासवादकांना त्रितालाचे नावही ठाऊक नव्हते, ते तिहाईच्या शेवटी समेवर अचूक येऊ लागले, ते याच भाषांतरामुळे.

उतारवयातही त्यांची निर्मिती चालू राहिली. ट्वेंटीवन स्पाइसेस (२०११) मध्ये त्यांनी हँबर्गच्या एन्‌डीआर बिग बँडबरोबर व ड्रमवादक सायमन फिलिप्स यांच्याबरोबर वादन केले. मोठ्या सुषिरवाद्यवृंदात दोन तालवादकांनी एकमेकांना वाट करून देण्याचा तो प्रयोग होता. स्पेलबाउंड (२०१३) ही ध्वनिमुद्रिका त्यांनी ट्रंपेटवादकांना, विशेषत: डॉन चेरी यांना, आदरांजली म्हणून सिद्ध केली व तीत निल्स पेटर मोल्व्हेर, पाओलो फ्रेझू, इब्राहिम मालूफ इ. निरनिराळ्या देशांतील ट्रंपेटवादकांना एकत्र आणले. गॉड इज अ ड्रमर ही त्यांची ध्वनिमुद्रिका २०१९ साली प्रसिद्ध झाली.